सूप मागं राहिलं

सासूच्या हातातलं सूप मी ओढलं तेव्हा बांबूची काडी तिच्या बोटात घुसली. रक्त आलं. समोरच्या ढिगातलं एक ओलं हळकुंड मोडून तिनं बोटावर दाबलं आणि म्हणाली, "एवढं घमेलं तर होऊ दे की गं, शेवंता."

टेम्पो दारात उभा होता. मी, नवरा, पोरगा आणि सासू, असे चौघं पुण्याला निघालो होतो. वाटणीत आलेल्या तुकड्यावर भागत नव्हतं, आणि नवऱ्याला चाकणकडं एका कंपनीत वॉचमनचं काम लागलं होतं. सासूला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं, तरी लावणीच्या हळदीचं बेणं घरात तीच निवडायची. ओट्यावर बसून एकेक गड्डा चाचपायची. सडका बाजूला, चांगला सुपात. पण त्या वर्षीचं बेणं दिराच्या शेतात जाणार होतं. आपण चाललो आणि ही दुसऱ्याचं काम करत बसली, याचा मला राग आला.

वच्छला, तू माझी धाकटी जाऊ, तू तिथंच होतीस. "आक्का, काहून वढून राहिल्या? म्हातारीचं सूप हाय, न्हेऊ द्या तिला," असं तू म्हणालीस. मी म्हणाले, "तिथं काय पाखडायचंय? सगळं पाकिटात मिळतं. लई केलं आयुष्यभर, आता बसून खा म्हणावं." आणि सूप तुझ्या हातात दिलं. वारंगा फाटा येईस्तोवर सासूची बोटं मांडीवर काहीतरी चाचपत होती. मी पाहिलं आणि खिडकीकडं तोंड केलं.

पुण्यात एक खोली होती. मी चार घरची भांडी घासायची, दुपार कलल्यावर परत यायची. एक दिवस लवकर आले. सासू जमिनीवर बसली होती. पुढं परात. तांदळाच्या डब्यात हात घालून तिनं ओंजळभर तांदूळ परातीत टाकले, मग तुरीची डाळ टाकली, दोन्ही हातांनी कालवलं आणि मग एकेक दाणा वेगळा करायला लागली.

"याड लागलं का आत्याबाई? नासवलं की सगळं!"

"नासतंय कशाला? तू येईस्तोवर रोज निवडून ठिवते बराबर. कदी तुझ्या भातात डाळ आली का?"

आली नव्हती. किती महिने ती हे करत होती कोण जाणे, एक दाणा चुकला नव्हता. मी दोन्ही डबे उचलले आणि वरच्या फळीवर ठेवले, तिचा हात पोचणार नाही असे. शेजारीण हसेल म्हणून ठेवले, असं मी नवऱ्याला सांगितलं. खरं म्हणजे मी दमून आले होते आणि कुणावर तरी राग काढायचा होता. ती "बरं" म्हणाली. त्यानंतर आज काय शिजवतेस, हे तिनं विचारलं नाही. दिवाळीच्या आत ती गेली. वय झालं होतं, असं मी तुला फोनवर सांगितलं. वय झालं होतंच. पण ती वयानं मेली नाही.

आता पोराचा फ्लॅट आहे, सहाव्या मजल्यावर. नवरा गेला. कपड्यांना मशीन आहे, भांड्यांना बाई येते. सून चांगली आहे. ती म्हणते, "आई, खूप केलंत आयुष्यभर, आता बसून खा." माझंच वाक्य. मी कटकट मिटावी म्हणून म्हणाले होते, ती मायेनं म्हणते. बसणाऱ्याला दोन्ही सारखंच लागतं.

गेल्या महिन्यात घरात कुणी नसताना मी परात घेतली. तांदूळ आणि डाळ कालवली आणि निवडायला बसले. मला तर अजून दिसतं. तरी रात्री भातात डाळीचे दाणे आले. सुनेनं ते ताटाच्या कडेला सारले. काय झालं ते मी सांगितलं, तशी म्हणाली, "असू द्या आई."

मी माझ्या सासूला तेवढंही म्हणाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी, वच्छला, फोन करून तुला ते सूप मागितलं. तू म्हणालीस, "आक्का, ते कवाच मोडलं. औंढ्याच्या बाजारातून नवं धाडू का?" मी नको म्हणाले.

गावाची आठवण येते का, असं इथल्या बायका विचारतात. गाव फार आठवत नाही. आमचं घर म्हणजे मला आता तो ओटाच दिसतो, त्यावरचं अर्धं राहिलेलं घमेलं. तेवढं होऊ दिलं असतं तर अर्धा तास गेला असता. ड्रायव्हर तर तेव्हा तुझ्या चुलीपाशी चहा पीत बसला होता.

त्या टेम्पोतून चौघं निघालो होतो. सासू त्याच वर्षी गेली, नवरा मागनं गेला. पोरगा आहे, आणि मी आहे.