धुळ्याची फाइल, जळगावची तूर

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या जळगावच्या घरातल्या संगणकावर लिनक्स आलं आणि माझं डोकं फिरलं. गाणी वाजवणारा साधा प्रोग्राम, पण तोही तयार मिळेना. सीडीवर नुसता सोर्स कोड. प्रोग्राम आपल्या मशीनवर आपणच बांधायचा. त्याआधी मशीनमध्ये काय काय आहे याची तपासणी करावी लागे. मला कुठला धीर! धुळ्याच्या मित्राच्या मशीनवर तपासणीतून तयार झालेली फाइल मी फ्लॉपीवर आणली आणि जशीच्या तशी वापरली. पडदाभर एरर. चार दिवस मी मित्राला शिव्या घातल्या.

माझे वडील, नाना, डाळमिलमध्ये तूर भरडायचे. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "बठ्ठी तूर सारखी शे का?"

सगळी तूर कुठे सारखी असते! मिलमध्ये नवा माल आला की ते आधी दोन दाणे चावून बघत, मगच त्याला तेल-पाणी किती लावायचं ते ठरवत. नाहीतर डाळ कमी, चुरीच जास्त.

मी चडफडत मित्राची फाइल पुसली आणि माझ्या मशीनची तपासणी केली. दुपारपर्यंत प्रोग्राम तयार! गाणं लागलं, पण जरा खरखरत होतं. मी पुन्हा कीबोर्डकडे वळलो, तर नानांनी माझा हात धरला.

"राहू दे. थोडी चुरी निघतेच."