लिंबूटिंबू आणि लिंबाचं तेल

नामपूरजवळच्या आमच्या गावी शाळा सुटली की लपाछपीचा डाव पडायचा, आणि सावळीराम कडेला उभा राहून ओरडायचा, "माले बी ल्या ना भो!" आम्ही घ्यायचो, पण लिंबूटिंबू म्हणून. लिंबूटिंबूला पळायची मोकळीक. पण तो सापडला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. बिचारा मुद्दाम सापडायचा आणि "मन्हावर राज्य उनं," म्हणजे माझ्यावर राज्य आलं, असं ओरडायचा. आम्ही म्हणायचो, "तू नाय रे, तू लप."

तोच सावळीराम आज सत्तरी ओलांडून नाशकात इंदिरानगरला लेकाकडे राहतो. लेक योगेश, सून हर्षाली, दोघंही सोन्यासारखी. दुःख तेच! पेला फुटला, तर "असू द्या बाबा." नळ वाहता राहिला, तर "राहू द्या बाबा." मला म्हणाला, "भो, या घरात मला कामही सांगत नाय आणि माझ्यावर कोणी चिडतही नाय. भिंतीवर चिडतं का कोणी?"

त्यात हर्षालीने घरी सुगंधोपचाराचे वर्ग काढले. दर बुधवारी सोसायटीतल्या बायका येऊन हुंगतात. मी पाहुणा म्हणून राहिलो होतो, तेव्हा तिने मलाही समजावलं. लिंबाच्या सालीतून तेल काढतात. चार थेंब कोमट पाण्यात घातले की वासाने मरगळ जाते, मन हलकं होतं. पण नुसतं अंगाला चोळायचं नाही, लावून उन्हात तर मुळीच जायचं नाही, कातडीवर डाग पडतात. आणि प्यायचंही नाही.

मी म्हटलं, "पोरी, मग लिंबू कापून सरबतच प्यावं की!"

"आप्पा, तुमचं आपलं काहीतरीच!"

आमच्या गावी चौकात लिंबू दिसलं की माणूस लांबून वळसा घालतो. इथल्या बायका त्याच्याभोवती गोल करून बसतात. ज्याचं त्याचं दैवत.

त्या बुधवारी बायकांच्या गाड्या लावण्यावरून वॉचमनने खाली काहीतरी घोळ घातला. हर्षाली धावत निघाली आणि दारातून ओरडली, "बाबा, तेवढं त्या वाटीत लिंबाचं तेल घालून खाली मेणबत्ती लावता का?" एरवी ती लेमन ऑइल म्हणते. बाबांना कळावं म्हणून शुद्ध मराठीत बोलली, आणि तिथेच माती खाल्ली.

सावळीरामचा चेहरा असा उजळला, की जणू सरपंच झाला. फडताळातल्या इंग्रजी बाटल्यांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. लिंबाचं तेल तर त्याच्या पिशवीतच होतं. कुंडीतल्या गुलाबावर मावा पडला म्हणून गावाहून आणलेलं, बांधावरच्या लिंबाच्या लिंबोळ्यांचं, घाण्यावर काढलेलं! मलाही तेच वाटलं. आमच्याकडे लिंब म्हणजे कडुलिंबच.

"सुनेला आपलं तेल लागलं बघ," असं म्हणत त्याने झाकण भरून ओतलं.

वाटी तापली आणि लसूण, हिंग, खवट शेंगदाणे असा सगळा बाजार दिवाणखान्यात उतरला. तेवढ्यात लिफ्टने बायका वर आल्या. सावळीराम यजमानाच्या थाटात म्हणाला, "बसा ताई, घ्या श्वास. घरचं हाय." बायका बसल्या, डोळे मिटले.

पुढे जे झालं ते पाहायला नशीब लागतं. मीनाताई म्हणून एक, सगळ्यांत जुन्या विद्यार्थिनी. छाती भरून श्वास घेऊन म्हणाल्या, "लिंबू इतकं खोल असतं, नाही?"

दुसरी सविता. तिचे डोळे पाणावले होते. "मन हलकं होतंय. पोटही ढवळतंय थोडं."

"विषारी विचार निघतायत तुझे. ऑरगॅनिक आहे ना, म्हणून," मीनाताई म्हणाल्या.

हर्षाली दारात आली आणि तिने ओढणी नाकाला लावली. "बाबा! हे काय घातलंत?"

"लिंबाचं तेल."

"कुठल्या लिंबाचं?"

"आपल्या बांधावरच्या. योगेश सावलीत खेळायचा ना, त्या!"

तिने फुंकर मारून मेणबत्ती विझवली, खिडक्या उघडल्या. "अहो, हे तर कडुलिंबाचं!" असं ती म्हणताच सविता खो खो हसत गॅलरीकडे धावली. मीनाताई डोळे न उघडता म्हणाल्या, "तरी मला वाटलंच, आज काहीतरी विशेष आहे."

बायका गेल्यावर स्वयंपाकघरात हर्षालीचा तोफखाना सुटला. "हुंगून तरी बघायचं होतं! आणि झाकणभर? एखादीला दमा असता म्हणजे? लक्ष कुठे असतं तुमचं?"

आतल्या खोलीत योगेशचं लॅपटॉपवर ऑफिस चालू होतं. तो म्हणाला, "असू दे गं हर्षाली."

"का असू दे? बाबा काय लहान आहेत? पुढच्या बुधवारीही तेच घालणार. चार थेंब. आणि ही वाटी आधी घासून द्या. तेलकट डाग लिंबाच्या तेलानेच निघतो. *माझ्या* लिंबाच्या!"

मी गॅलरीत बसून ऐकत होतो. म्हटलं, सावळ्या आता पिशवी भरणार आणि मनमाडवरून वळसा घेऊन का होईना, गाव गाठणार. तर हा वाटी आणि फडकं घेऊन बाहेर आला. माझ्या शेजारी टेकला, वाटीत एक थेंब टाकला, आधी हुंगला, मग घासायला लागला. कान लाल झालेले, आणि बोळक्यात हसू मावत नव्हतं.

"ऐकलं का?" हळूच म्हणाला. "मन्हावर राज्य उनं रे भो!"