मोठ्या गाडीचा आवाज

आमच्या अभ्यासवर्गात शिकवणारे दोघंच, मी आणि पुसदची रूपाली. किस्से मात्र वीस जणांना पुरतील एवढे साठलेत. सांगायला बसलं की आधी हसू येतं. मग येईनासं होतं.

दिल्लीत शिकून महागाव तालुक्यात परतलो तो साडेतीनशे सीसीच्या गाडीवरच. दहावीनंतर गावातली एकही मुलगी घरी बसता कामा नये, हा ध्यास. समाजमंदिरात संध्याकाळचा वर्ग सुरू केला. घंटा नव्हती. वळणावर गाडी धडधडली की मुली वह्या घेऊन निघायच्या.

रूपाली म्हणायची, "तुझ्यापेक्षा तुझा सायलेन्सर जास्त कामाचा आहे."

*

पावसाळ्यात पांदण रस्त्यावर काळी माती मडगार्डमध्ये अशी बसली की चाक फिरेना. उतरलो, तर गाडी माझ्यावरच आडवी! शेतातून किसनभाऊ धावत आले. माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी पौर्णिमा, तिचे हे वडील.

"सर, तुमी गाडीवर येता का गाडी तुमच्यावर?"

गाडी उभी केल्यावर ते दुपट्ट्यानं टाकी पुसत राहिले. "जड हाय. पण दारात उभी राह्यली का इज्जत वाढते, बाप्पा."

*

शेवटी पुसदचे मेकॅनिक रहीमभाई यांच्याकडे ती विकायला ठेवली आणि शंभर सीसीची हलकी गाडी घेतली. पेट्रोल कमी लागेल, चिखलातून एकट्यानं काढता येईल, आणखी दोन गावांत वर्ग काढता येतील, असं मी तावातावानं समजावत होतो.

"सब ठीक है सर," ते म्हणाले, "पन लोक विचारतील, नोकरी गेली का?"

गावात शिरलो. पहिल्याच ओट्यावरून हाक आली, "काहून सर, नोकरी गेली का?"

मला नोकरी कधी नव्हतीच.

*

नव्या गाडीचा आवाज कुणाला ऐकूच जाईना. वर्गात अर्धा तास नुसते मी आणि फळा. एकदा हॉर्न वाजवत गल्लीतून फिरलो, तर एक आजी टोपलं घेऊन बाहेर आल्या.

"कांदे कसे देले?"

"आजी, मी गणित शिकवतो."

"मंग भोंगा कायले वाजवता?"

*

एकेक मुलगी गळत गेली. पौर्णिमा तेवढी यायची. तिला नर्सिंगची प्रवेश परीक्षा द्यायची होती. मग तीही येईना. घरी गेलो.

"सोयरीक जुळली, सर," किसनभाऊ म्हणाले. "पोरगा चांगला हाय."

"आणि परीक्षा?"

"परीक्षा का, दरसाली असते."

मी कितीतरी वेळ बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग आत वळून म्हणाले, "सरले च्या आणा."

*

हळदीला मी आणि रूपाली हलक्या गाडीवर गेलो. आलेलं कुणाला कळलंही नाही. मांडवात अगदी मागे बसलो. पौर्णिमा पाटावर होती, हात कोपरापर्यंत पिवळे. किसनभाऊ दिसत नव्हते.

"जावयाची गाडी आणाले पुसदले गेलते," शेजारचा पाहुणा म्हणाला. "येतच असन. रहीमभाईकडं मोठीवाली भेटली, सेकंडहँड."

रूपालीनं माझ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात वळणावर धडधड झाली. बायका हळद लावत होत्या, त्यांचे हात बाजूला करून पौर्णिमा पाटावरून उठली.

"सोडा मले, सर आले. माही वही कुठी हाय?"