दुबईचा मेल आणि आबांची बाग

नाना खुर्चीवर टेकायला तयार नव्हते. “आक्का, वाचा लवकर. मजूर उद्या सकाळी बागेत जाऊन उभे राहतील.”

मी सावद्याच्या एका पॅकहाउसमध्ये पत्रव्यवहार बघते. पॅकहाउस म्हणजे केळी धुऊन, निवडून खोक्यात भरायची जागा. नाना तिथले मालक. माझं इंग्रजी कॉलेजातलं नाही. डिक्शनरी आणि मोबाइल, दोघांनी मिळून शिकवलं. नवा वाक्प्रचार दिसला की मी वहीत उतरवते.

मेल होता दुबईच्या व्यापाऱ्याचा. समोर शिरपूरकडचे आबा टोपी मांडीवर ठेवून बसलेले. बाग त्यांची. परदेशी जाणारा माल जरा कोवळाच कापतात. कापला आणि कंटेनर आलाच नाही, तर तो कोवळा माल इथला व्यापारी मातीमोल मागतो. आबांचं वर्ष गेलं समजा.

मी एकेक वाक्य सोडवलं. “‘इन द पाइपलाइन’ म्हणजे काम मार्गी लागलंय. ‘कीप यू इन द लूप’ म्हणजे तुम्हाला सांगत राहू. ‘टच बेस’ म्हणजे पुढच्या आठवड्यात बोलू. ‘फिंगर्स क्रॉस्ड’ म्हणजे देव करो आणि होऊन जावो.”

“म्हणजे होच की!” नाना म्हणाले.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. “आक्का, तो हो म्हनस का नही, इतलंच सांग.”

अर्थ सगळे बरोबर होते, पण मेल मला खटकत होता. आधी हाच माणूस खोक्याचं माप विचारायचा, केळ्याची जाडी विचारायचा. आता नुसता गोडवा. अहो, मी तीन नणंदांची लग्नं जमवलीत. पोहे खाऊन, मुलीचं तोंडभर कौतुक करून ‘घरी बोलून कळवतो’ म्हणणारी माणसं मी लांबून ओळखते. मुलगी पसंत असली की माणसं ओसरीवरच साखरपुड्याचं काढतात.

“नाना, हे कळवतोवाले वाटतात मला.”

“आक्का, तो केळी घ्यायला बसलाय, तुमच्या नणंदेला बघायला नाही!”

“मग जहाजाची तारीख विचारू. एकच ओळ.”

विचारली. दुपारी उत्तर आलं, ‘बेअर विथ अस’. म्हणजे जरा धीर धरा. तारीख नाहीच. नानांनी तोंड वाकडं करत मुकादमाला फोन लावला आणि कापणी थांबवली.

चार दिवस ते माझ्याशी धड बोलले नाहीत. मलाही धाकधूक होतीच. कंटेनर खरंच आला असता, तर आबांच्या नुकसानाला मीच कारण. पाचव्या दिवशी मेल आला. माल दुसऱ्या देशातून घेतला होता. खाली, ‘नो हार्ड फीलिंग्ज’.

“हे काय आता?” नानांनी विचारलं.

“राग धरू नका म्हणतो.”

“मी कुठे धरला?” नाना म्हणाले, आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

आबांची बाग पुढे चांगली भरली आणि दिल्लीच्या गाड्यांना गेली. परदेशाएवढा भाव नाही मिळाला, पण बठ्ठा, म्हणजे सगळा, माल उठला.

माझं इंग्रजी अजून अर्धंकच्चंच आहे. पण एवढं कळलंय, की ज्याला माल खरोखर हवा असतो, तो फार गोड बोलत नाही. गाडी कुठे लावायची ते विचारतो.