वाकळीचं माहेर

वाकळीत सुई अडकलेली होती आणि ती कुणी काढायची नाही, असं मी घरात सांगून ठेवलं होतं. वाकळ म्हणजे तुमच्या पुस्तकातली गोधडी. माझी बायको हौसा चैत्रात गेली. कडेपासून फेरा फेरा शिवत ती आत आली होती. मधे ताटाएवढी जागा राहिली, आणि सुई तिथंच, दोऱ्यासकट. सून म्हणाली, "मामंजी, दोन दिवसांत पुरी करते." मी म्हणालो, "हात लावून तर बघ." तिनं पुन्हा विषय काढला नाही. माझं बोलणं असलंच आहे. शाळा चौथीपर्यंत, त्यामुळं लिहिणंही असलंच.

पौषात भोरच्या मुलींच्या शाळेतून निरोप आला. तिथं गोधड्यांचं प्रदर्शन होतं, हौसाबाईंची एक पाठवा म्हणून. पाठवायची कुणाबरोबर? मीच निघालो. तिची पुरी झालेली एक वाकळ घेतली आणि ही अर्धीपण घेतली. घरी ठेवली असती तर सुनेनं माझ्या माघारी शिवली असती.

कामथडीच्या फाट्यावर भोरची एसटी मिळाली. मांडीवर गाठोडं. कापूरहोळला एक मिशीवाला गडी शेजारी बसला आणि गाठोड्यावर कोपर टेकलं. लगेच ओरडला, "आई गं! म्हातारबा, आत विंचू पाळलाय काय?"

"सुई हाय. बायकूची."

"मग बायकूला सांगा की काढून ठिवायला."

"ती न्हाई आता," मी म्हणालो.

तो भोर येईपर्यंत कोपर अंगाशी धरून बसला. मी बाहेर बघत होतो. भाताची खाचरं कापून मोकळी झालेली, त्यात कुठं कुठं हरभरा हिरवा. मुलूख चांगला आहे. हे हौसानं मला शंभरदा सांगितलं असेल, मी कधी मान वर करून बघितलं नव्हतं.

शाळेच्या मोठ्या खोलीत दोऱ्या बांधून वाकळा टांगल्या होत्या. मी आयुष्यभर वाकळ पांघरली, पण उभी कधी बघितली नव्हती. उजेड आरपार येतो तेव्हा आतले थर दिसतात, लुगड्याखाली लुगडं, त्याखाली धोतर. एक सगळी खाकी तुकड्यांची होती. उत्रोलीच्या एका बौद्ध घरच्या बाईंनी निळ्या-पांढऱ्या तुकड्यांची केलेली होती. तिचा टाका इतका बारीक की मी बोटानं मोजायला गेलो आणि विसाव्या टाक्याला चुकलो. त्या बाई जवळच उभ्या होत्या. "मोजा की पुन्हा," म्हणाल्या, "मला सहा महिने लागलं."

मग मला हौसाची दिसली. सकाळी मुलींनी माझ्या हातातून घेऊन टांगली होती. उलटी.

शिवणाच्या बाई पुण्याच्या, तरुण. मी त्यांना हाक मारली. "बाई, माणसाला असं खाली डोकं वर पाय टांगता का तुमी?"

"काय झालं आजोबा?"

"वरच्या लुगड्याचा पदर खाली आलाय. पदर उशाकडं असतो. पायाकडं न्हाई."

बाईंनी माझ्याकडं बघितलं, मग खोलीभर बघितलं. निम्म्या वाकळा उलट्या होत्या. दुसरी कुणी असती तर म्हातारा वेडा म्हणून सोडून दिलं असतं. त्यांनी मुलींना बोलावून सगळ्या उतरवल्या आणि प्रत्येकीला पदर कुठं ते मला विचारून पुन्हा टांगल्या. तासभर मी मास्तर झालो होतो.

तेवढ्यात एका वाकळीचा कोपरा हातात आला आणि माझा हात थांबला. हौसा कोपरा कधी सपाट दुमडायची नाही. पानाच्या विड्यासारखी छोटी घडी बसवायची. तो कोपरा तसाच होता.

"ही कुणी आणली?" मी जोरात विचारलं. "ही माझ्या घरातली हाय."

हिरव्या लुगड्यातली एक चाळिशीची बाई पुढं आली. "म्या आणलीय आन् म्याच शिवलीय. चोर दिसते व्हय मी?"

"हा कोपरा हौसाचा हाय."

ती बघतच राहिली. "हौसाआत्या? तुमी कामथडीचं मामा?" तिनं वाकून पाय धरले. "म्या मंजुळा, आत्याच्या माहेरच्या वाडीतली. औंदा आत्या आल्या न्हाईत. आमी लई वाट बघितली."

वेल्ह्याच्या पुढं एक वाडी, ते हौसाचं माहेर. तिचा भाऊ वारल्यापासून मी तिकडं गेलो नव्हतो. आणि चैत्रात निरोपही धाडला नव्हता. धाडायला मीच होतो, दुसरं कोण? हौसा गेल्याचं मला तिथं सांगावं लागलं. मंजुळा वाकळीखाली मटकन बसली आणि रडली. मुली बघत होत्या. मी कोपरा धरून उभा राहिलो.

हौसा दर पौषात पंधरा दिवस माहेरी जायची. मी म्हणायचो, म्हातारीला माहेरची चैन लागलीय. तेच मी मंजुळाला म्हणालो.

"चैन?" डोळे पुसत ती म्हणाली. "आठ आठ जणींस्नी घेऊन अंगणात बसायच्या. टाका मोठा पडला की अख्खा फेरा उसवायला लावायच्या. माझी पहिली वाकळ चारदा उसवलीय आत्यांनी."

मला हे काहीच माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

मग तिनं गाठोड्यातली अर्धी वाकळ बघितली. सुईला हात लावला नाही. "मामा, ही अशी उपाशी ठिवू नगा. वाडीला घिऊन चला."

त्या रात्री उत्रोलीत पाहुण्यांकडं उतरलो. आंबेमोहोराचा भात इतका वासाचा की भूक नसताना दोनदा घेतला. सकाळी नसरापूरला गाडी बदलून मी आणि मंजुळा वेल्ह्याला निघालो. रस्ता खडीचा, दर वळणाला डोकं टपाला लागायचं. पण पुढं तोरणा उभा राहिला आणि मी डोकं खिडकीबाहेर काढलं. असा डोंगर रोज दारात असला की माणूस हात बारीक कामाला का लावतो ते कळतं. मोठं काम कुणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं.

वाडीत नाचणीची भाकरी आणि वालाची आमटी जेवलो. तोवर सहा बायका आल्या. अंगणात उन्हात वाकळ पसरली. प्रत्येकीनं आधी विड्याचा कोपरा चाचपला.

"ही मामांची कोपरी व्हय?" एकीनं एका तुकड्यावर बोट ठेवलं. होती. बाह्या फाटल्यावर मी ती बंडी फेकून दिली होती.

एक म्हातारी म्हणाली, "मामा, दाणं द्या."

"कसलं दाणं?"

मंजुळानं सांगितलं. वाकळीचं मधलं तोंड बंद करण्याआधी आत भाताचे चार दाणे टाकतात. त्याला पोट भरणं म्हणतात. उपाशी वाकळ ऊब देत नाही. दाणे त्याच घरचे लागतात, जिथं वाकळ नांदणार. "आत्या तर वाकळीच्या टोकाला गाठ मारून आधीच बांधून ठिवायच्या. गाठ हुती का?"

होती. श्रावणात मी ती सोडली होती. आत भात निघालं, म्हणलं उंदरानं साठवलं असेल. अंगणात फेकलं.

"मंग?"

"कोंबड्यांनी खाल्लं."

म्हातारी म्हणाली, "म्हंजी आता कोंबड्या निवांत झोपत असत्याल." आणि सगळ्या हसायला लागल्या, पदर तोंडाला लावून. मलाही हसू आलं आणि त्याच्यामागं जे नऊ महिने आलं नव्हतं तेही आलं. कुणी थांबवलं नाही. पाण्याचा तांब्या तेवढा पुढं सरकवला.

मंजुळानं आत जाऊन धान्याच्या कणगीतले भाताचे चार दाणे आणले. "आमचं घाला. पर मामा, माहेरच्या दाण्यानं पोट भरलं की वाकळ माहेरवाशीण हुती. दर साली हितं आणाया लागंल."

"कुणी आणायची?"

"तिला काय एसटी कळती? तुमीच."

मी सुईकडं बघितलं. मग म्हणालो, "शिव."

तिनं नवा दोरा घेतला नाही. हौसाच्याच सुईनं, हौसाच्याच दोऱ्यानं पुढं टाका घातला. दाणे ठेवून पाऊण फेरा झाला आणि दोरा संपला. मंजुळानं सुई माझ्यापुढं धरली. "आत्या सांगायच्या, दिसंनासं झाल्यापासनं सुईत दोरा वव्हायचं काम मामाच करत्यात."

म्हणजे हौसा इथं माझ्याबद्दल बोलायची. मी गाठोड्यातलं हौसाचं पांढरं रीळ काढलं, दोरा ओला केला. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा गेला. उरलेली जागा ऊन कलायच्या आत बंद झाली.

दुसऱ्या दिवशी परत येताना एसटीत वाकळ मांडीवर उलगडली. हौसाचा टाका कुठं संपला आणि मंजुळाचा कुठं लागला, ते बघत होतो. नसरापूर येईपर्यंत बोट फिरवलं. टाका तोच, अंतर तेच. हौसानं इतकं शिकवून ठेवलं होतं की तिचीच जागा सापडेना.

कंडक्टर म्हणाला, "काय हरवलं का बाबा?"

"व्हय," मी म्हणालो. "पर ऱ्हाऊ दे."

घरी आल्यावर वाकळ सुनेच्या हातात दिली आणि पदर उशाकडं करायला सांगितलं. तिनं विचारलं, "पुरी झाली?" मी म्हणालो, "झाली. तुला टाका शिकायचा असंल तर पुढच्या पौषात माझ्यासंगं चल. मला वेल्ह्याला जायचंय, हिला घिऊन."