उजवीकडून एक, डावीकडून एक

औषधाच्या खोक्यात घडी घालून कोंबलेला तो पातळ कागद असतो ना, तो छापणाऱ्या छापखान्यात ती कामाला होती. अकरा भाषांतला मजकूर कॉम्प्युटरवर पानात बसवायचा, हे तिचं काम. अक्षरं मुंगीएवढी, म्हणून हातात कायम भिंग, आणि म्हणून सगळे तिला भिंगबाई म्हणायचे. हिब्रू आणि दक्षिण आफ्रिकेतली आफ्रिकान्स या दोन भाषा एकोणीस वर्षं तिच्याच गळ्यात होत्या. दोन्हींतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं.

पहिल्याच वर्षी तिने घोळ घातला. आफ्रिकान्सच्या वाक्यात ‘नी’ हा शब्द दोनदा यायचा, एकदा मध्ये आणि एकदा शेवटी. भाषांतरकाराची डुलकी असेल असं समजून तिने शेवटचे एकतीस ‘नी’ इमानेइतबारे उडवले. दुसऱ्या दिवशी फोन आला.

“अहो, माझे ‘नी’ कुणी खाल्ले?”

या आफ्रिकान्स तपासणाऱ्या मास्तरीणबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या. “आम्ही ‘नाही’ दोनदा म्हणतो, बाई. एकदा सांगून ऐकतं कोण?”

हिब्रू तपासायला घड्याळजी होते. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला, हळू बोलणारा माणूस. ती भाषा उजवीकडून डावीकडे चालते. पूर्णविराम चुकून उजव्या टोकाला गेला, की ते म्हणायचे, “बाई, वाक्य सुरू व्हायच्या आधीच संपवलंत.”

एकदा एका गोळीच्या कागदाची फार घाई होती, म्हणून मालकांनी दोघांनाही छापखान्यातच बोलावलं. भिंगबाईच्या उजवीकडे घड्याळजी, डावीकडे मास्तरीणबाई. सकाळपासून तिची मान दोन्हीकडे वळून वळून आखडली होती.

“इथे ‘घे’ लिहिलंय,” घड्याळजी म्हणाले, “पण गोळी घेणारा बुवा की बाई? आमच्यात ते आधी ठरवावं लागतं.”

“आमच्यात नाही,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “मी, तू, ते, सगळ्यांना क्रियापद एकच.”

“आळशी भाषा.”

“आळशी कसली? कामाची! राबणाऱ्या माणसांच्या तोंडी घडली. स्वयंपाकघरातली बोली म्हणून लोक नाकं मुरडायचे. शाळेच्या फळ्यावर यायला तिला पिढ्या लागल्या.”

घड्याळजींनी चष्मा काढून पुसला. “आमचं उलट झालं. शेकडो वर्षं ग्रंथात आणि प्रार्थनेत होती. मग एक दिवस पोरांना अंघोळ घालायला तिला खाली उतरवलं. टोमॅटोला जुना शब्दच नव्हता; नवा कोणता म्हणायचा, यावरून आमच्या घरात अबोला धरायचे.”

“माझे आई, मी दमले,” भिंगबाई म्हणाली आणि तिने भिंग खाली ठेवलं.

“आयेफा,” घड्याळजी लगेच म्हणाले. “मी दमलो असतो तर आयेफ.”

“म्हणजे आमच्या दमलो-दमलेसारखंच की!”

“आमच्यात मुख,” मास्तरीणबाईंनी तो ख घशातून खरवडून काढला. “बाई असो, बुवा असो.”

“आमच्या मराठीत मुख म्हणजे तोंड,” भिंगबाई म्हणाली.

“मग तुमच्या तोंडावर दिसतंच आहे.”

तिघंही हसली. छापखान्यात भिंगबाई इतकी हसल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

पुढे मालकांनी मजकूर तपासणारा नवा प्रोग्राम घेतला आणि तपासनीस बंद केले. हे दोघांना कळवायचं काम अर्थातच भिंगबाईवर आलं. मास्तरीणबाई फक्त “बरं” म्हणाल्या. घड्याळजींनी “तुमची मान कशी आहे?” एवढंच विचारलं.

त्यानंतर दोन महिन्यांत कामं दुप्पट झाली. एका दुपारी छपाईआधी ती सवयीने भिंग फिरवत होती. ‘करू नका’च्या यादीत आफ्रिकान्सच्या सातही ओळींच्या शेवटी ‘नी’ होता. हिब्रूत सहा ओळींच्या तोंडाशी एक चिमुकला शब्द होता, सातवीत नव्हता. तिने पुन्हा मोजलं. आफ्रिकान्सचा एक नकार गळला, तरी दुसरा राहतो. हिब्रूचा एकच; तो गेला, की सगळंच गेलं.

“प्रोग्रामने पास केलंय,” मालक म्हणाले. “तुम्हाला हिब्रू येतं का?”

“नाही.”

“मग?”

“मग ज्यांना येतं त्यांना दाखवून येते. तोवर मशीन लावू नका.”

ती कागद घेऊन घड्याळजींच्या घरचे तीन जिने चढली. त्यांनी दारातच वाचलं, पुन्हा वाचलं, आणि खुर्चीत बसले.

“इथे लिहिलंय, गरोदर असाल तर ही गोळी घ्या.”

परत येऊन तिने जुनी फाइल उघडली. भाषांतरात शब्द होता. पानात बसवताना ओळ मावेना, तेव्हा आदल्या संध्याकाळी, प्रोग्रामने पास केल्यावर, तिच्याच हातून तो कापला गेला होता. हे तिच्याखेरीज कुणाला कळलंही नसतं. तिने मालकांसमोर उभं राहून सांगितलं, “माझीच चूक. पण डोळे माझे दोनच आहेत, आणि तेही थकलेत.”

मालकांनी आधी ती ओळ दुरुस्त करून घेतली. आठवड्याने त्यांनी तपासनिसांना परत बोलावलं, पण पूर्वीसारखं दोनदा नाही, एकदाच वाचायला. घड्याळजी आले. मास्तरीणबाईंनी नाही म्हणून कळवलं. त्यांची दृष्टी अधू झाली होती. त्यांच्या जागी आलेला माणूस घरूनच दुरुस्त्या पाठवायचा, आणि त्या अचूक असायच्या.

भिंगबाईने आयुष्यात पहिल्यांदा सलग दहा दिवस रजा मागितली. मिळाली. पहिले चार दिवस तिने घरातलं एकही अक्षर वाचलं नाही. विजेचं बिलसुद्धा नणंदेने वाचून दाखवलं.