झाकून ठेवलेलं मशीन

हमीदाआपा गेल्याचं कळलं तेव्हा मी सौदीतल्या कतीफच्या आमच्या दवाखान्यात एका बाईचं बी.पी. घेत होते. दापोलीहून आपांच्या मुलीचा फोन होता. "आई सकाळी गेली," एवढंच ती म्हणाली. मी पट्टा सोडला, पुन्हा बांधला... आकडाच दिसेना. त्याला आता दीड महिना झाला.

आपा निवृत्त होऊन गावी परतेपर्यंत आमच्या हेड नर्स होत्या. आवाज खणखणीत, आणि खोटं बोलण्यात पटाईत. एखादी बाई दुखापत घेऊन नवऱ्यासोबत आली, की त्या नवऱ्याला सांगायच्या, "भाईसाब, इकामा का झेरॉक्स लगेगा. हमारा मशीन खराब है." इकामा म्हणजे इथं राहण्याचा परवाना, त्याचं नाव काढलं की भलाभला माणूस निमूट चालू लागतो. दुकान दोन गल्ल्या पलीकडे. तो गेला की आपा दार लावून बाईजवळ बसायच्या. मशीन ठणठणीत होतं. आपांनीच त्याच्यावर हिरवी चादर टाकून ठेवली होती. बायका मनिलाच्या असत, कैरोच्या, कराचीच्या, केरळच्या. सांगायच्या मात्र एकच, बाथरूममध्ये घसरले. "जगभरची बाथरूमं एवढी निसरडी कशी गं?" आपा चिडून विचारायच्या. मी हसायचे.

मग एका दुपारी सुजलेलं मनगट घेऊन मीच आले, नवऱ्यासोबत. पाइप फिटर होता, बोलायला गोड. आपांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "भाऊ, तुमच्या इकाम्याची झेरॉक्स आणा. आमचं मशीन बिघडलंय." माझ्यासमोर ती हिरवी चादर. लाजेनं मेल्यासारखं झालं.

तो गेला. "सांग," आपा म्हणाल्या.

"घसरले, आपा."

"बरं." त्यांनी मुकाट्यानं पट्टी बांधली. तो परत आला, तेव्हा कागद उलटापालटा करून म्हणाल्या, "मागची बाजू राहिली की, भाऊ!" तो पुटपुटत पुन्हा उन्हात निघाला. आपा स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या. "सुनंदा, अजून चार वेळा पाठवीन त्याला. मला घाई नाय."

तेव्हा मी बोलले. तीन वर्षांचं सगळं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी फाइलमध्ये खरं कारण लिहिलं, पोलिसांकडे तक्रार गेली, आणि मी घरी न जाता आपांच्या क्वार्टरमध्ये राहायला गेले. मी रडत बसले तर म्हणाल्या, "रड, पण उद्या ड्युटी हाय. यल्ला, चल ऊठ." तेव्हा भयंकर राग आला होता. आज वाटतं, त्या ड्युटीनंच मला उभं केलं.

गेल्या आठवड्यात नव्या मॅनेजरनं मशीनवरची चादर उचलायला हात घातला. मी आडवी गेले. "सर, वो खराब है."

"तो रिपेअर करवा लेते हैं."

"नहीं होगा, सर. खलास."

बाहेर एक माणूस बायकोचा दंड धरून उभा होता. तिला काय झालंय ते तोच सांगत होता. ती जमिनीकडे बघत होती. मी चादर चारी बाजूंनी नीट खोचली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"भाईसाब, इकामा का झेरॉक्स लगेगा."